भात बंद, गूळ विष

हा अंक तुमच्या एका हातात असेल तेव्हा दुसऱ्या हातात चकली असणार, हे मला ठाऊक आहे. खा बापडे. मी बघत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटात डोकावून झालं, आता निवृत्तीनंतर ती सवय सोडायचा प्रयत्न चाललाय. पण मी सवय सोडली तरी लोक मला सोडत नाहीत. मध्यंतरी एका मुंजीत पंगतीला बसले, तर शेजारच्या बाईंनी मला पाहताच पानातली जिलबी पुरीखाली सरकवली. मी त्यांना ओळखतही नव्हते. जेवण होईपर्यंत बिचाऱ्यांनी ती पुरी काही उचलली नाही.

मी उल्हासनगरच्या एका धर्मादाय रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते. 'आहारतज्ज्ञ' हा शब्द नेमणुकीच्या पत्रात तेवढा होता. अंबरनाथचे लोक मला 'डाएटवाल्या मॅडम' म्हणत, सिंधी पेशंट 'परहेजवाली', म्हणजे पथ्यवाली, आणि बदलापूर-वांगणीकडच्या गावांतून येणारे नुसतंच 'बाय'. ऐंशीचं दशक नुकतं कुठे सुरू झालं होतं. मी अंबरनाथ पश्चिमेला राहायची, मुंबईच्या कॉलेजातून गृहविज्ञान आणि त्यावर आहारशास्त्राचा डिप्लोमा करून आलेली, वय चोवीस, आणि आपल्याला सगळं येतं ह्याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. बसायला जिन्याखालची खोली मिळाली होती. त्यात एक टेबल, एक वजनकाटा आणि भिंतीवर केळी-सफरचंदांचं चित्र. पेशंट उठताना जिन्याला डोकं आपटून घ्यायचे, म्हणून मी प्रत्येकाला "सांभाळून" म्हणायची. माझा तेवढा एक सल्ला सगळ्यांनी कायम पाळला.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे 'हे नको, ते नको' म्हणणं. तसं ते नाही, पण मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं, त्यामुळे दोष कुणाला देणार? थोडक्यात सांगते. भात, भाकरी, पोळी, पाव, काहीही खा, पोटात गेल्यावर त्याची साखरच होते आणि ती रक्तात येते. धडधाकट शरीर ती वापरतं, उरलेली नीट ठेवून देतं. मधुमेह्याच्या शरीराला ती आवराआवर जमत नाही. साखर रक्तात तशीच फिरत राहते आणि वर्षानुवर्षं हळूहळू डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा खराब करते. गोळी दिली की साखर खाली येते. अंगमेहनत केली तरी खाली येते. म्हणजे गोळी, घास आणि घाम ह्या तिघांचा मेळ बसवायचा, एवढंच आमचं शास्त्र. त्यातली मेख अशी की तुम्ही जेवलात की नाही हे गोळीला कळत नाही. ती गेली की आपलं काम करणारच. रक्तातली साखर फार उतरली, तर माणूस घामाने निथळतो, थरथरतो, बरळतो, पडतो, आणि वेळेवर काही गोड पोटात गेलं नाही तर जातोसुद्धा. हे सगळं मला परीक्षेत आलं होतं आणि चांगले मार्कही पडले होते.

तेव्हा घरोघरी बोटाला टोचून साखर बघायची यंत्रं नव्हती. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं तर बसा बोंबलत. पेशंट रंगांतच बोलायचे. "मॅडम, परवापर्यंत पोपटी होता, लग्नाला जाऊन आलो आणि विटकरी झाला." रक्ताची तपासणी महिन्यातून एकदा, रुग्णालयात.

ह्या मासिक तपासणीचे पट्टीचे परीक्षार्थी म्हणजे सावंतसाहेब. अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन, उंचेपुरे, आवाज मशीनच्या वर चढवायची सवय झालेला. हे गृहस्थ तपासणीच्या आधी दोन दिवस काकडी आणि ताकावर राहायचे. रिपोर्ट हातात घेऊन जिन्याखाली शिरायचे आणि गर्जायचे, "मॅडम, पहिला नंबर!" आणि त्याच संध्याकाळी हलवायाच्या दुकानात. मला हे कळायचं, कारण रिपोर्ट सुधारत होता आणि त्यांच्या तळपायांची आग वाढत होती. मी म्हणायची, "सावंतसाहेब, कारखान्यात इन्स्पेक्टर यायच्या आधी तुम्ही भिंती रंगवता, तसं चाललंय हे. उरलेले अठ्ठावीस दिवस शरीर काय करतं ते कागदावर येत नाही." ते हसायचे. डॉक्टर तो सुंदर रिपोर्ट बघून गोळ्या तशाच ठेवायचे. सावंतसाहेबांना जरा लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहेत.

आता माझ्या कागदाविषयी. नोकरीला लागल्यावर महिन्याभरात मी मधुमेहाच्या पेशंटांसाठी पथ्याचा कागद तयार केला. स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर शंभर प्रती काढल्या. सकाळी सात, बिनसाखरेचा चहा. आठ, टोस्ट दोन. साडेबारा, उकडलेली भाजी, कोबीचं सॅलड, पातळ ताक, एक फुलका. सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम. खाली मोठ्या अक्षरांत दोन ओळी होत्या आणि त्या पुस्तकातल्या नव्हत्या, खास माझ्या होत्या. 'भात पूर्ण बंद.' आणि 'साखर, गूळ, मध ही विषे समजावीत.' शाळेत निबंधाला बक्षिसं मिळवलेली बाई मी, एवढी ठसकेबाज ओळ सुचल्यावर ती ठेवायचा मोह कसा आवरणार? गोळी घेऊन अचानक घाम फुटला तर काय करायचं, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. जागा संपली होती.

वांगणीच्या पलीकडच्या एका गावातून बाळाराम आणि हिराबाई आले ते ह्याच दिवसांत. बाळारामभाऊ पन्नाशीचे, सडसडीत, स्वतःची थोडी भातशेती. त्यांना मधुमेह निघाला होता आणि डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी लिहून दिली होती. ते माझ्यासमोर बसले आणि अख्ख्या वेळात एकही शब्द बोलले नाहीत. बोलली ती हिराबाई. तिने कागद दोन्ही हातांत घेतला. "मना वाचता नाय येत, बाय. पन पुतनी शालेत जातं, ती वाचून दावील. तुमी सांगाल तसाच करीन." मी कागदावरच्या शेवटच्या दोन ओळींखाली लाल पेनाने रेघा मारल्या आणि मास्तरीण बाईसारखं बजावलं, "भाताला शिवायचं नाही. आणि गोड म्हणजे विष. लक्षात राहील?" ती म्हणाली, "ऱ्हाईल." मी "सांभाळून" म्हणाले, दोघं वाकून बाहेर पडली.

तीन आठवड्यांनी दुपारी एका टेम्पोतून बाळारामभाऊंना रुग्णालयात आणलं. बेशुद्ध. कपडे घामाने ओलेचिंब, हातपाय गार. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी एक नजर टाकली, रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून ग्लुकोज द्यायला सुरुवात केली. मला वॉर्डात बोलावणं आलं तेव्हा सुई टोचलेली होती आणि हिराबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मी पोचले आणि काही मिनिटांत बाळारामभाऊंनी डोळे उघडले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "माजा इला कुठं हाय?" विळा. भात कापता कापता पडले होते. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मग हिराबाईकडून सगळं कळलं. कापणी सुरू झाली होती. ऊन रणरणत होतं. बाळारामभाऊ सकाळी गोळी घेऊन, बिनसाखरेचा चहा पिऊन, दोन टोस्ट खाऊन शेतावर गेले. टोस्ट वांगणी स्टेशनाजवळच्या बेकरीतून आणायचे, खास कागदासाठी. ह्याआधीही दोनतीनदा त्यांना थरथर झाली होती, पण ऊन लागलं असेल म्हणून ती सोसली. त्या दिवशी मात्र ते बरळायला लागले, बांधावर बसले. शेजारची बाई धावत आली ती गूळ-पाण्याचा तांब्या घेऊनच. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गुळाचा खडा आणि पाणी द्यायचं, ही तिकडची साधी रीत, घराघरातली. तिने तांब्या त्यांच्या तोंडाला लावला आणि हिराबाईने हाताच्या फटक्याने तो उडवला.

"मीच उडवला, बाय," ती मला सांगत होती. "ती बोलली, दोन घोट पिऊं दे. मी बोलली, गूल ह्यांना विष हाय, बायनी लाल रेघ मारलीय." मग तिने पदराआडून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात तो कागद होता. चार घड्या घातलेला, चुलीच्या धुराने जरा पिवळा पडलेला, पण कुठे चुरगळलेला नाही. तो तिने माझ्यासमोर धरला. "ह्यातला येक शब्द आमी मोडला नाय. भाताच्या शितालाही शिवला नाय मानूस. मंग आमचा काय चुकला?"

तिने मला जाब विचारला असता, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खरोखरच विचारत होती. तिला वाटत होतं, आपलंच कुठलं तरी कलम राहिलं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. आणि मी, चोवीस वर्षांची हुशार मुलगी, म्हणाले, "जेवण जरा कमी पडलं." कुणाकडून कमी पडलं ते त्या वाक्यात कुठेच नव्हतं. हिराबाईने मान हलवली आणि नवऱ्याच्या पायांवर चादर ओढली.

ती गोळी अंगात बराच वेळ राहते, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून बाळारामभाऊंना दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर मला रागावले नाहीत. ते सिंधी, फाळणीनंतर लहानपणी उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पात आलेले, फारच कमी बोलायचे. कागद खालपासून वरपर्यंत वाचला आणि एवढंच विचारलं, "मॅडम, आपने इनका घर देखा है?" मी नाही म्हणाले. "तो फिर टोस्ट किसके लिए लिखा?" त्यांनी तो कागद मला परत दिला. मी जिन्याखाली जाऊन बसले आणि रडले. मग उरलेल्या प्रती मोजल्यासुद्धा नाहीत, फाडून टाकल्या.

पुढच्या रविवारी मी वांगणीला उतरून त्यांच्या गावी गेले. बांधावरून चालायची सवय नव्हती, एकदा पाय घसरून गुडघाभर चिखलात गेले. अर्धं शेत कापलेलं, अर्धं उभं. ओट्यावर पोचले तेव्हा हिराबाईने तांब्याभर पाणी आणून दिलं. नुसतं पाणी. आणि ते देताना तिची मान खाली गेली. मला आधी कळलंच नाही. मग ती हळूच बोलली, "गूल घरात ठेवलाच नाय, बाय. सगला वाटून टाकला. पावन्याला पन नुस्ता पानीच देतो. लोक बोलतात, बालारामाच्या घरी गूलाचा खडा पन मिलत नाय."

एका ओळीच्या ठसक्यासाठी मी त्या घराचं पाहुण्यासमोरचं तोंड काळं केलं होतं. मी म्हणाले, "हिराबाई, शेजारून गूळ मागून आणा. मला खायचाय." ती बघतच राहिली. "तुमी? गूल?" "हो, मी. उन्हातून आलेय." शेजारीण स्वतःच ढेपेचा तुकडा घेऊन आली, हीच ती तांब्यावाली. मी तिच्यासमोर गूळ खाल्ला, वर पाणी प्यायले. ती हिराबाईकडे विजयी मुद्रेने बघत उभी राहिली.

त्या दिवशी मी त्या घरात जेवले, आणि जेवायच्या आधी बघितलं. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकट, दुपारी भात आणि वालाचं कालवण, रात्री पुन्हा भात आणि असेल तर मासळी. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत कष्ट. अशा माणसाला मी दोन टोस्टांवर भात कापायला पाठवलं होतं. दिवसभर भात कापायचा, बांधायचा, डोक्यावरून वाहायचा आणि ताटात तेवढा घ्यायचा नाही! कोबी त्या गावात कुणी पिकवत नव्हतं. पण पावसाळाभर टाकळा, कुरडू, भारंगी अशा पालेभाज्या बांधावर फुकट उगवत होत्या आणि त्या माझ्या कागदावर नव्हत्या, कारण मला त्यांची नावंच माहीत नव्हती. वरच्या वाडीतल्या बायका नाचणी विकायला येत, तीही कागदावर नव्हती.

मग आम्ही दोघींनी चुलीपाशी बसून त्या घराचं पथ्य बसवलं. भात बंद नाही, भात मोजून. मी बरोबर रुग्णालयातल्यासारखी एक स्टीलची वाटी नेली होती. दुपारी दोन वाट्या, रात्री एक, सोबत वाल आणि पालेभाजी भरपूर. सकाळी नाचणीची भाकरी. सुकट दोन पाण्यांत धुऊन, म्हणजे मीठ कमी. कापणी-लावणीच्या दिवसांत शेतावर जाताना एक भाकरी जास्त, उन्हाळ्यात बसून असताना एक कमी. गोळी घेतली की घास पोटात गेलाच पाहिजे. डॉक्टरांनी गोळीही अर्धी केली होती. सगळं तिने पाठ केलं. फक्त वाटीवरून आमचं वाजलं. तिने पहिली वाटी भरली ती अशी की वर चांगला बोटभर डोंगर. मी चमच्याच्या दांड्याने तो डोंगर सपाट केला. ती दुखावली. "अशी सपाट वाटी तं वैऱ्याला वाढतात, बाय." बाळारामभाऊ कोपऱ्यातून म्हणाले, "मंग मना वैरी समज, पन वाढ." तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

निघताना मी तिच्या पदराच्या टोकाला गुळाचा खडा बांधून दिला. "घाम फुटला, थरथर झाली, बोलणं बिघडलं, तर आधी हा द्यायचा. गिळता येत असेल तरच तोंडात घालायचा, नाहीतर थेट दवाखाना. आणि शुद्धीवर आले की भाकरी." ती त्या गाठीकडे बघत राहिली. "मंग ता विष?" "त्या वेळी तेच औषध," मी म्हणाले. तिने ती गाठ कमरेला खोचली. 'मग विष का लिहिलंत?' असं तिने विचारलं नाही. मीही आपणहून काही बोलले नाही. तोंडाशी आलं होतं, पण ती पाणी भरायला उठली आणि माझी सुटका झाली. अशा सुटका माणसाला फार महागात पडतात.

त्यानंतर मी काम करायची पद्धतच बदलली. छापील कागद नाही, आधी ताट बघायचं. जमेल तेव्हा घरी जायचं, नाहीतर पेशंटला चूल, भांडी, पंगत सगळं विचारायचं. हसाल, पण मोठमोठी कोडी त्याने सुटली. कॅम्पातल्या एक सिंधी आंटी होत्या, पापडांचा धंदा. रक्तदाब कमी होईना, पाय सुजलेले. मिठाचं जेवण सोडून वर्ष झालेलं, आणि बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. घरी गेले तर त्यांनी रीतीप्रमाणे पाण्याबरोबर भाजलेला पापड पुढे केला आणि स्वतः ओट्यावर पिठाचा गोळा कुटायला बसल्या. दर गोळ्याला एक लाटी तोंडात. मीठ, मिरी, पापडखार बरोबर आहे का ते बघायला. अर्ध्या तासात सहा लाट्या गेल्या. मी म्हणाले, "आंटी, आणि हे?" त्या मनापासून चकित झाल्या. "अरे बाबा, मी खाते कुठे? ये तो मैं चखती हूँ!" चाखणं म्हणजे खाणं नव्हे, असा त्यांचा पक्का हिशेब होता. चाखायचं काम सुनेकडे दिलं आणि दोन महिन्यांत पायांची सूज उतरली. पापड मात्र पूर्वीसारखे राहिले नाहीत, असं त्या मरेपर्यंत म्हणत होत्या.

नव्वदचं दशक आलं. वांगणीच्या शेतांत प्लॉटांच्या पांढऱ्या खुणा दिसायला लागल्या. माझं लग्न झालं, मूल झालं, पण जिन्याखालची खोली बदलली नाही. बाळारामभाऊ दर महिन्याला येत राहिले, हिराबाई बरोबर असायची, पदराला गाठ असायची. डोळे चांगले, पाय चांगले. मी दरवेळी ठरवायची की आज बोलायचं. मग रंग हिरवा आलाय, नाचणी संपलीय, ह्या गप्पांत ते राहून जायचं.

एके दिवशी सावंतसाहेब आले आणि गर्जले नाहीत. गुपचूप समोर बसले. निवृत्तीला आले होते, पुढच्या दिवशी तपासणी होती म्हणून दोन दिवस काकडीवर, आणि गोळ्या मात्र चालू. तशात वांगणीला प्लॉट बघायला गेले. उन्हात दोन तास हिंडले आणि स्टेशनाबाहेर येता येता पाय लटपटले.

"मॅडम, घामाने भिजलो. जीभ वळेना. टपरीवरचे हसत होते, सकाळी सकाळी चढवून आलाय म्हणून. तेवढ्यात एक भाजीवाली म्हातारी आली. डोक्यावरची पाटी खाली ठेवली, मला हाताला धरून बसवलं. विचारलं, साखरेची गोली घेतो का? मी मान हलवली. जेवला का? मला सांगता येईना. तिने पदर सोडला आणि गूळ तोंडात घातला. मी तशातही अडखळत म्हणालो, गूळ नको, उद्या रिपोर्ट आहे. तर माझ्यावर ओरडली, रिपोर्ट मंग! आधी खा!"

"पदर सोडला म्हणजे?" मी विचारलं.

"गाठ होती पदराला. नंतर स्वतःच्या फडक्यातली अर्धी भाकरी दिली. नाचणीची. पुढ्यात बसून खायला लावली."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. सावंतसाहेबांचं मात्र त्या भाकरीने भलं झालं. त्या दिवसापासून त्यांचे रिपोर्ट वाईट यायला लागले, म्हणजे खरे यायला लागले, आणि डॉक्टरांना पहिल्यांदाच त्यांच्यावर नीट उपचार करता आले.

त्याच रविवारी मी वांगणीला गेले. ह्या वेळी बांधावरून पाय घसरला नाही. बाळारामभाऊ ओट्यावर दोरी वळत बसले होते. त्यांनी आत हाक मारली, "बाय आली." हिराबाई स्टेशनावर विकायला न्यायची भाजीची पाटी घेऊन बाहेर आली, मला बघून थबकली. मी स्टेशनाबाहेर पडलेल्या त्या साहेबांचा विषय काढताच तिचा चेहरा उतरला. "बाय, त्याला साखर व्हती ना? मीनं गूल घातला तोंडात. तुमाला इचारला नाय. काय चुकला का माजा?"

तोच प्रश्न. तोच आवाज. बारा-तेरा वर्षांनी.

"नाही चुकलं, हिराबाई," मी म्हणाले. "तुम्ही नसता तर तो माणूस तिथेच गेला असता." आणि मग थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा राहिलं असतं. "आणि तेव्हाही तुमचं काही चुकलं नव्हतं. तो तांब्या तुम्ही उडवलात तो माझ्यामुळे. कागद चुकीचा होता. माझं चुकलं होतं. तुम्ही हॉस्पिटलात विचारलंत आणि मी सांगितलं नाही."

मला वाटलं, ती रागावेल, निदान गप्प होईल. ती आत गेली. बाहेर आली ती तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन.

"ता मना तवाच कलला व्हता, बाय," ती म्हणाली. "तुमचा चुकला नसता, तं तुमी एवढ्या चिखलातून आमच्या घरी कशाला आल्या असत्या?"

बाळारामभाऊ दोरी वळता वळता मान न उचलता म्हणाले, "आधी गूल खावा. ऊन हाय." मी खाल्ला, आणि वर पाणी प्यायले.